ध्वनिमुद्रणासाठी डायनॅमिक मायक्रोफोनची निवड

डायनॅमिक मायक्रोफोन हा चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात निर्माण होणाऱ्या विद्युतदाबावर चालणारा मायक्रोफोनचा प्रकार आहे. बोलीभाषेत त्यास नुसते 'माईक' असेही म्हटले जाते. सभा, कीर्तने व संगीताचे जाहीर कार्यक्रम यांत हा प्रकार सर्वाधिक दिसत असला, तरी ध्वनिमुद्रण कक्षातही त्याचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. निवेदन, मुलाखत, गायन व तालवाद्ये यांच्या मुद्रणासाठी डायनॅमिक मायक्रोफोन निवडताना खोलीचे ध्वनिगुण, ध्वनिस्रोतापासूनचे अंतर, दिशात्मकता, संवेदनशीलता, वारंवारिता प्रतिसाद आणि प्रवर्धकाची क्षमता यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांत सामुदायिक रेडिओ, भजन-कीर्तनाची परंपरा आणि लोककला यांमुळे स्थानिक आवाज नोंदविण्याची गरज सतत असते. असे मुद्रण बहुधा खास बांधलेल्या स्टुडिओऐवजी साध्या सिमेंट-काँक्रीटच्या खोलीत होते. अशा परिस्थितीत मायक्रोफोनची निवड कशी करावी, याचे विवेचन या लेखात केले आहे.

## रचना व कार्यतत्त्व

मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये मांडलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर हा मायक्रोफोन चालतो. ध्वनिलहरी पातळ पडद्यावर आदळल्या की पडदा कंप पावतो. पडद्याला चिकटविलेले बारीक तारेचे वेटोळे कायमस्वरूपी चुंबकाच्या फटीत मागे-पुढे हलते आणि त्यात ध्वनीच्या चढउतारानुसार अत्यल्प विद्युतदाब निर्माण होतो. यासाठी बाहेरून वीज पुरवावी लागत नाही. लाउडस्पीकरची रचनाही मूलतः हीच असून त्यात क्रिया उलट दिशेने घडते.

वेटोळ्याच्या वजनामुळे पडदा जड होतो. त्यामुळे अतिउच्च वारंवारितेचे सूक्ष्म कंप तो तितक्या चपळाईने टिपू शकत नाही. कंडेन्सर मायक्रोफोनचा पडदा वेटोळ्याविना असल्याने हलका असतो व तो असे बारकावे अधिक स्पष्टपणे पकडतो. मात्र त्यास बहुधा ४८ व्होल्टची फँटम वीज लागते. धातूची पातळ पट्टी वापरणारा रिबन मायक्रोफोन तत्त्वतः डायनॅमिक कुळातीलच आहे, परंतु तो नाजूक असल्याने व्यवहारात वेगळा गणला जातो. या लेखात 'डायनॅमिक' हा शब्द हलत्या वेटोळ्याच्या मायक्रोफोनसाठी वापरला आहे.

## इतिहास

अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा ६१८-ए हा मायक्रोफोन १९३१ मध्ये आला. ई. सी. वेंट व ए. एल. थुरास यांच्या संशोधनावर आधारलेला हा मायक्रोफोन व्यावहारिक उपयोगात आलेल्या आरंभीच्या डायनॅमिक मायक्रोफोनांपैकी एक होय. १९३९ मध्ये शुअर कंपनीने बेंजामिन बाउअर यांनी विकसित केलेला युनिडाइन ५५ बाजारात आणला. एकाच घटकाच्या साहाय्याने एकाच दिशेचा आवाज ठळकपणे टिपणे त्यामुळे शक्य झाले.

१९५९ मध्ये अर्नेस्ट सीलर यांच्या रचनेतून युनिडाइन ३ तयार झाला. त्याच रचनेवर १९६५ मध्ये एसएम५७ आणि १९६६ मध्ये एसएम५८ हे मायक्रोफोन आले. यांतील 'एसएम' ही अक्षरे 'स्टुडिओ मायक्रोफोन' या शब्दांची आद्याक्षरे आहेत. पुढे रंगमंचावरील माईकचे प्रतीक ठरलेला एसएम५८ मुळात स्टुडिओच्या नावाने आला होता. जर्मनीतील सेनहायझर कंपनीचा एमडी ४२१ हा १९६० मध्ये, तर इलेक्ट्रो-व्हॉइस कंपनीचा आरई२० हा १९६८ मध्ये आला. मायकल जॅक्सन यांच्या 'थ्रिलर' (१९८२) या संगीतसंग्रहातील मुख्य गायनासाठी ध्वनिमुद्रक ब्रूस स्वेडीन यांनी शुअर एसएम७ हा डायनॅमिक मायक्रोफोन वापरला होता. या उदाहरणामुळे डायनॅमिक मायक्रोफोन केवळ सभेसाठी असतो, हा समज मागे पडण्यास मदत झाली.

भारतात सार्वजनिक ध्वनिक्षेपणाच्या क्षेत्रात अहुजा या भारतीय कंपनीचे डायनॅमिक मायक्रोफोन दीर्घकाळ प्रचलित आहेत. महाराष्ट्रातील मंदिरे, शाळा, ग्रामपंचायती व मंडप-साउंड व्यावसायिक यांच्याकडे ते सर्रास आढळतात.

## बारामती व इंदापूर परिसरातील ध्वनिमुद्रण

बारामती शहर कऱ्हा नदीकाठी वसले आहे. इंदापूर तालुक्याच्या सीमेवर भीमा नदीवरील उजनी धरणाचे पाणी पसरलेले असून नीरा-भीमा संगम याच तालुक्यात नीरा नरसिंहपूर येथे आहे. 'केकावली' व 'आर्याभारत' यांचे कर्ते कवी मोरोपंत (१७२९–१७९४) यांचे वास्तव्य बारामतीत होते. संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा देहूहून पंढरपूरकडे जाताना या दोन्ही तालुक्यांतून जातो व त्यातील गोल रिंगण इंदापूर तालुक्यातील बेलवाडी येथे होते. भजन, कीर्तन, धनगरी ओव्या, गजीनृत्य, हलगी व संबळ यांचे आवाज या परिसराच्या सांस्कृतिक जीवनाचा भाग आहेत.

भारत सरकारने २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि २००६ च्या धोरणानुसार स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांनाही सामुदायिक रेडिओ चालविण्याची मुभा दिली. अशा केंद्राची प्रभावी प्रक्षेपण शक्ती साधारणतः १०० वॅटपर्यंत मर्यादित असते. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावेत, अशी अपेक्षा धोरणात आहे. बारामतीत विद्या प्रतिष्ठान या शिक्षणसंस्थेची 'वसुंधरा वाहिनी' (९०.४ एफएम) आणि कृषी विज्ञान केंद्राची 'शारदा कृषी वाहिनी' ही केंद्रे आहेत.

स्थानिक सहभागाच्या या अटीमुळे अशा केंद्रांच्या माईकसमोर सराईत निवेदकांपेक्षा शेतकरी, गृहिणी, विद्यार्थी, वारकरी व वृद्ध गायिका अधिक येतात. त्यांना माईकपासून ठरावीक अंतर राखण्याची सवय नसते. वृद्ध व्यक्तीने गायिलेली ओवी किंवा सांगितलेली दुष्काळाची आठवण पुन्हा तशीच मिळेल याची शाश्वती नसते. पहिल्याच प्रयत्नात मुद्रण सुस्पष्ट होणे, हे अशा कामाचे मुख्य उद्दिष्ट ठरते आणि मायक्रोफोनची निवड त्या दृष्टीने करावी लागते.

## खोली व अंतर

डायनॅमिक मायक्रोफोन खोलीतील घुमारा व बाहेरचा गोंगाट 'घेत नाही', असा व्यापक समज आहे. तो अंशतःच खरा आहे. एकाच अंतरावर व एकाच दिशात्मकतेचे दोन मायक्रोफोन ठेवले, तर डायनॅमिक असो वा कंडेन्सर, दोहोंत मूळ आवाज व घुमारा यांचे प्रमाण जवळपास सारखेच राहते. डायनॅमिकची संवेदनशीलता कमी असल्याने वक्त्याला त्याच्या जवळ यावे लागते आणि जवळ आल्यामुळे खोलीचा आवाज तुलनेने मागे पडतो. शिवाय जवळचा मोठा आवाज डायनॅमिकचा पडदा सहज सहन करतो. डायनॅमिक मायक्रोफोनचा खरा लाभ या जवळिकीत आहे.

खुल्या जागेत लहान ध्वनिस्रोतापासूनचे अंतर निम्मे केल्यास ध्वनीची पातळी ६ डेसिबलने वाढते. साधे बोलणे १ मीटरवर ६० डेसिबल असेल, तर ५० सेंटिमीटरवर ते ६६, २५ सेंटिमीटरवर ७२ आणि साडेबारा सेंटिमीटरवर ७८ डेसिबल होते. खोलीतील घुमाऱ्याची पातळी मात्र जवळपास तेवढीच राहते.

खोलीच्या परिणामाचा अंदाज गणिताने बांधता येतो. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद व ३ मीटर उंच खोलीचे घनफळ ३६ घनमीटर आणि सर्व पृष्ठभागांचे क्षेत्रफळ ६६ चौरस मीटर असते. गिलावा केलेल्या भिंती, फरशी व स्लॅब यांचा सरासरी शोषणांक ०.०५ धरल्यास सॅबिनच्या सूत्रानुसार घुमाऱ्याचा काळ सुमारे १.८ सेकंद येतो. अशा खोलीत कार्डिऑइड मायक्रोफोन तोंडापासून सुमारे ४३ सेंटिमीटरपेक्षा दूर गेला की मूळ आवाजापेक्षा भिंतींवरून परतलेला आवाज वरचढ होतो. त्याच खोलीत २० चौरस मीटर पृष्ठभागावर ०.५ शोषणांकाचे जाड आवरण लावल्यास घुमाऱ्याचा काळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतो व ही मर्यादा सुमारे ८५ सेंटिमीटरपर्यंत सरकते.

जाड गोधड्या, वाकळ, सतरंज्या, गाद्या व कपड्यांनी भरलेली उघडी कपाटे हे असे शोषण मिळविण्याचे स्वस्त उपाय आहेत. ती भिंतीला चिकटवून न लावता काही सेंटिमीटर पुढे टांगल्यास अधिक उपयोगी पडतात. मात्र अशा आवरणांनी मधल्या व वरच्या वारंवारितेचे शोषण होते. खालच्या घोगऱ्या आवाजावर त्यांचा परिणाम फारसा होत नाही. लांबी, रुंदी व उंची समान असलेली खोली टाळणे इष्ट असते, कारण तिन्ही दिशांचे अनुनाद एकाच वारंवारितेवर येतात. तिन्ही मापे ३ मीटर असलेल्या खोलीत पहिला अनुनाद सुमारे ५७ हर्ट्झला होतो. पत्र्याच्या शेडमध्ये पावसाचा व उन्हाने प्रसरण पावणाऱ्या पत्र्याचा आवाज येत असल्याने तेथील मुद्रण ऋतू व वेळ पाहूनच करावे लागते.

म्हणून निवडीचा क्रम खोली, अंतर व त्यानंतर मायक्रोफोन असा ठेवणे हितकारक ठरते. उघड्या खोलीत ५० सेंटिमीटरवर ठेवलेल्या महागड्या मायक्रोफोनपेक्षा गोधड्या टांगलेल्या खोलीत १२ सेंटिमीटरवर ठेवलेला साधा डायनॅमिक मायक्रोफोन बोलण्याचे मुद्रण अधिक स्पष्ट करतो.

## निवडीचे निकष

### दिशात्मकता

कार्डिऑइड म्हणजे हृदयाकृती मायक्रोफोन समोरचा आवाज सर्वाधिक व थेट मागचा, म्हणजे १८० अंशांवरचा, सर्वांत कमी घेतो. सुपरकार्डिऑइडचा समोरचा पट्टा अधिक अरुंद असतो, परंतु तो थेट मागचा आवाज काही प्रमाणात घेतो. त्याची सर्वांत बहिरी दिशा सुमारे १२६ अंशांवर असते. हायपरकार्डिऑइडमध्ये ती सुमारे ११० अंशांवर येते. त्यामुळे खिडकी, पंखा किंवा दुसरा वक्ता कोणत्या कोनात आहे हे पाहून प्रकार ठरवावा लागतो. समोरासमोर बसलेल्या दोघांच्या मुलाखतीत कार्डिऑइड सोयीचा ठरतो, कारण दुसरा वक्ता नेमका माईकच्या पाठीमागे येतो.

माईकच्या जाळीभोवती हाताची मूठ आवळल्यास मागच्या फटी झाकल्या जाऊन दिशात्मकता बिघडते. नवख्या व्यक्तीच्या हाती माईक देण्याऐवजी तो स्टँडवर लावण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

### संवेदनशीलता व प्रीअँप

९४ डेसिबल ध्वनिपातळीला, म्हणजे १ पास्कल दाबाला, मायक्रोफोन किती मिलिव्होल्ट देतो यावरून त्याची संवेदनशीलता ठरते. डायनॅमिक मायक्रोफोनसाठी हा आकडा बहुधा १ ते २ मिलिव्होल्ट, तर अनेक स्टुडिओ कंडेन्सरसाठी १० मिलिव्होल्ट किंवा त्याहून अधिक असतो.

एसएम७बी या मायक्रोफोनची संवेदनशीलता १.१२ मिलिव्होल्ट आहे. वरील उदाहरणातील ७८ डेसिबलच्या बोलण्याला तो सुमारे ०.१८ मिलिव्होल्ट देतो. हा संकेत ६० डेसिबलने, म्हणजे १,००० पटींनी, वाढविल्यावर ०.१८ व्होल्ट होतो. म्हणून या मायक्रोफोनसाठी किमान ६० डेसिबल गेन देणारा प्रीअँप आवश्यक मानला जातो. साध्या मिक्सरचा किंवा ऑडिओ इंटरफेसचा गेन शेवटपर्यंत फिरविला की अनेकदा त्याचीच खरखर ऐकू येऊ लागते. अशा वेळी माईक व प्रीअँप यांच्यामध्ये फँटम विजेवर चालणारा २० ते २५ डेसिबलचा पूर्वप्रवर्धक जोडता येतो. मायक्रोफोनचा खर्च ठरविताना प्रीअँप, पूर्वप्रवर्धक, स्टँड व केबल यांचा खर्चही त्यात धरावा लागतो.

### वारंवारिता प्रतिसाद

मायक्रोफोन कोणत्या वारंवारितेचा आवाज किती प्रमाणात नोंदवितो, हे प्रतिसाद-आलेखावरून कळते. केवळ '५० ते १५,००० हर्ट्झ' असा पल्ला पाहून निर्णय घेणे पुरेसे नसते. त्या पल्ल्यातील चढउतार अधिक महत्त्वाचे असतात. एसएम५७ व एसएम५८ यांच्या आलेखात सुमारे ५ किलोहर्ट्झच्या आसपास उभार आहे. दबक्या आवाजाला त्यामुळे उठाव मिळतो, परंतु मुळातच कर्कश किंवा शिट्टीदार आवाज अधिक टोचरा होतो. आरई२० चा प्रतिसाद तुलनेने सपाट आहे.

एफएम प्रक्षेपणात ध्वनीचा वरचा पल्ला १५ किलोहर्ट्झपर्यंतच नेला जातो. डायनॅमिक मायक्रोफोनांची वरची मर्यादा साधारणतः तेथेच किंवा त्याच्या पुढे असते. त्यामुळे सामुदायिक रेडिओवरील निवेदनासाठी डायनॅमिक मायक्रोफोन वापरल्याने श्रोत्याचे प्रत्यक्षात नुकसान होत नाही.

### निकटता परिणाम

दिशात्मक मायक्रोफोन तोंडाच्या फार जवळ आला की खर्जाचा भाग वाढतो. यास निकटता परिणाम म्हणतात. पातळ आवाजाला त्यामुळे भरदारपणा येतो, तर जड आवाज गढूळ होतो. बोलणारी व्यक्ती मागे-पुढे हलत असेल, तर आवाजाची पातळी बदलतेच, शिवाय त्याचा पोतही बदलतो. आरई२० च्या लांब नळीसारख्या रचनेत हा परिणाम मुद्दाम कमी केलेला आहे. त्यामुळे स्थिर न बसणाऱ्या पाहुण्यांसाठी तो सोयीचा समजला जातो.

### मराठी उच्चार

मराठीतील 'प', 'फ', 'ब', 'भ' हे ओष्ठ्य वर्ण आणि 'ख', 'थ', 'ध' यांसारखे महाप्राण वर्ण उच्चारताना हवेचा झोत बाहेर पडतो. तो पडद्यावर थेट आदळल्यास 'धप्' असा आवाज मुद्रित होतो. माईक तोंडाच्या थेट समोर न धरता ३० ते ४५ अंश बाजूला व किंचित वर ठेवणे आणि त्याच्या पुढे काही सेंटिमीटरवर पॉप फिल्टर लावणे, हे त्यावरील उपाय होत.

'स', 'श', 'ष' यांतील सीत्कार आणि 'चार' व 'चाक' या शब्दांतील 'च' चे दोन भिन्न उच्चार यांचा बराचसा तपशील वरच्या वारंवारितेत असतो. हा भेद स्पष्ट ऐकू यावा, परंतु सीत्कार टोचू नये, अशा मायक्रोफोनची निवड मराठी निवेदनासाठी योग्य ठरते. परभाषेतील मुद्रणाचे नमुने ऐकून हा निर्णय करता येत नाही. मराठीतच चाचणी घ्यावी लागते.

### गुणगुण व बाहेरील आवाज

वेटोळे हे स्वतःच चुंबकीय क्षेत्र पकडणारे साधन असल्याने ट्रान्सफॉर्मर, इन्व्हर्टर व पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर यांच्या सान्निध्यात डायनॅमिक मायक्रोफोनमध्ये ५० हर्ट्झ व त्याच्या पटीतील गुणगुण येऊ शकते. एसएम७बी व आरई२० यांत ती रद्द करणारे उलट वेटोळे असते. ज्या मायक्रोफोनमध्ये ही सोय नाही, तो अशा उपकरणांपासून दूर ठेवून व फिरवून गुणगुणीची सर्वांत कमी दिशा शोधावी लागते.

उसाच्या गळीत हंगामात बारामती व इंदापूर तालुक्यांतील रस्त्यांवरून ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वाहतूक रात्रंदिवस चालते. पुणे–सोलापूर महामार्गही इंदापूर तालुक्यातून जातो. इंजिनाचा घरघराट मुख्यतः खालच्या वारंवारितेचा असल्याने बोलण्याच्या मुद्रणात ८० ते १०० हर्ट्झखालील भाग हाय-पास फिल्टरने काढता येतो. ट्रॅक्टरवरील गाण्यांचा आवाज मात्र बोलण्याच्याच पट्ट्यात येत असल्याने फिल्टरने जात नाही. रस्त्याकडील खिडक्या बंद करणे व मुद्रणाची वेळ बदलणे, हेच त्यावरील उपाय राहतात.

## प्रचलित मायक्रोफोन

| मायक्रोफोन | आगमन | दिशात्मकता | पल्ला (हर्ट्झ) | संवेदनशीलता (मिलिव्होल्ट प्रति पास्कल) |
|---|---|---|---|---|
| सेनहायझर एमडी ४२१-२ | १९६० (मूळ एमडी ४२१) | कार्डिऑइड | ३०–१७,००० | २ |
| शुअर एसएम५७ | १९६५ | कार्डिऑइड | ४०–१५,००० | सुमारे १.६ |
| शुअर एसएम५८ | १९६६ | कार्डिऑइड | ५०–१५,००० | सुमारे १.८५ |
| इलेक्ट्रो-व्हॉइस आरई२० | १९६८ | कार्डिऑइड | ४५–१८,००० | १.५ |
| शुअर एसएम७बी | २००१ (मूळ एसएम७, १९७३) | कार्डिऑइड | ५०–२०,००० | १.१२ |

एसएम५८ व एसएम५७ हे तुलनेने स्वस्त व बहुपयोगी आहेत. आरई२०, एसएम७बी व एमडी ४२१ यांची किंमत त्यांच्या अनेक पट असते. मर्यादित निधी असलेल्या केंद्राने एकच महागडा मायक्रोफोन घेण्यापेक्षा एकसारखे दोन साधे मायक्रोफोन घेऊन उरलेली रक्कम खोली व प्रीअँपवर खर्च केल्यास मुलाखतींचे काम अधिक चांगले होते. दोन्ही वक्त्यांचा पोत सारखा राहणे, हा त्याचा आणखी एक लाभ असतो.

## स्थानिक आवाज व वाद्यांसाठी वापर

निवेदन व मुलाखत: माईक तोंडापासून १० ते १५ सेंटिमीटरवर ठेवला जातो. दोन माईक एकाच वेळी सुरू असल्यास त्यांतील परस्पर अंतर हे प्रत्येकाच्या आपापल्या वक्त्यापासूनच्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवण्याचा प्रघात आहे. त्यामुळे एकच आवाज दोन्हींत मिसळून पोकळ होत नाही.

पखवाज: दोन्ही तोंडांसाठी स्वतंत्र माईक लावणे श्रेयस्कर असते. कणीक लावलेल्या डाव्या तोंडाचा खर्ज घुमणारा, तर शाईच्या उजव्या तोंडाचा नाद टणत्कारी असतो. डाव्या बाजूस खालचा पल्ला चांगला असलेला एमडी ४२१ सारखा, तर उजव्या बाजूस एसएम५७ सारखा माईक उपयोगी पडतो. दोन्ही माईक एकत्र ऐकताना खर्ज कमी झाल्यासारखा वाटल्यास एकाचा ध्रुव उलटा करून तुलना करतात.

टाळ: टाळांचा नाद तीव्र असून तो इतर सर्व माईकमध्ये शिरतो. टाळकऱ्यांना गायकाच्या माईकच्या बहिऱ्या दिशेला उभे केल्यास शब्द स्पष्ट राहतात. भजनी मंडळाच्या मुद्रणात बसण्याच्या जागा ठरविणे हे माईक निवडण्याइतकेच महत्त्वाचे असते.

हलगी, संबळ व गजीढोल: ही वाद्ये अतिशय मोठ्या आवाजाची असून त्यांचे आघात अचानक होतात. डायनॅमिक मायक्रोफोन असे आघात न फाटता सोसतो. हलगीच्या कातड्यापासून ३० ते ५० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास काठीच्या आघाताबरोबर कातड्याचा नादही मिळतो.

ओवी व आर्या: जात्यावरची ओवी संथ व मृदू आवाजात गायली जाते. आर्यांच्या पठणातही यतीचे व ऱ्हस्व-दीर्घाचे बारकावे महत्त्वाचे असतात. येथे डायनॅमिक वापरायचा झाल्यास माईक जवळ आणि प्रीअँप शांत असावा लागतो. गायिका माईकला बुजत असेल किंवा जाते फिरवीत गात असेल, तर शांत जागी कंडेन्सर किंवा पदराला लावायचा छोटा माईक अधिक योग्य ठरतो.

## चाचणी व खरेदी

मायक्रोफोनची चाचणी तो जेथे वापरायचा आहे त्याच खोलीत, त्याच प्रीअँपवर आणि प्रत्यक्ष बोलणाऱ्या व्यक्तींच्या आवाजात घेणे उपयुक्त असते. 'भिगवणच्या पाण्यात फाल्गुनात रोहित पक्षी उतरतात. चार चाकांची गाडी सावकाश घाटाखाली थांबते' यासारख्या वाक्यात ओष्ठ्य, महाप्राण व सीत्कारयुक्त असे सर्व वर्ण येतात. तेच वाक्य ५, १५ व ३० सेंटिमीटरवरून वाचून घेतल्यास निकटता परिणाम, हवेचे झोत व खोलीचा घुमारा यांची तुलना करता येते. तुलना करताना सर्व नमुन्यांची ध्वनिपातळी सारखी करून घेणे आवश्यक असते, कारण किंचित मोठा आवाज ऐकणाऱ्यास नेहमी अधिक चांगला भासतो. शेवटी अर्धा मिनिट शांतता मुद्रित करून ती मोठ्याने ऐकल्यास गुणगुण, पंखा व प्रीअँपची खरखर उघड होते.

नामांकित मायक्रोफोनांच्या, विशेषतः एसएम५८ व एसएम५७ च्या, हुबेहूब नकला बाजारात मिळतात. अस्सल एसएम५८ चे वजन २९८ ग्रॅम, तर एसएम५७ चे २८४ ग्रॅम असते. वजनात मोठा फरक, छपाईतील चुका किंवा अवास्तव कमी किंमत ही नकलेची लक्षणे होत. अधिकृत विक्रेत्याकडून पावती व हमीपत्रासह खरेदी करणे सुरक्षित ठरते. सभेसाठीच्या काही स्वस्त मायक्रोफोनांना मोठ्या जॅक पिनेची असंतुलित केबल जोडलेली असते. ध्वनिमुद्रणासाठी एक्सएलआर जोडणीचा, कमी रोधाचा व संतुलित केबलवर चालणारा मायक्रोफोन निवडला जातो.

## जोडणी व देखभाल

संतुलित एक्सएलआर जोडणीत पहिली पिन कवचाला, दुसरी धन व तिसरी ऋण संकेताला जोडलेली असते. योग्य जोडणी असल्यास फँटम विजेमुळे डायनॅमिक मायक्रोफोनला अपाय होत नाही. मात्र सदोष केबलमुळे रिबन मायक्रोफोनची पट्टी बिघडू शकते. सेवेत असलेल्या मायक्रोफोनमधील अनेक बिघाड प्रत्यक्षात केबल व पिनांचे असतात. म्हणून प्रत्येक केंद्रात तपासलेली एक जादा केबल ठेवली जाते.

दुष्काळी पट्ट्यातील धूळ व पावसाळ्यातील दमटपणा या दोहोंना डायनॅमिक मायक्रोफोन कंडेन्सरपेक्षा चांगला तोंड देतो. तरीही वापरानंतर तो पिशवीत बंद ठेवणे आवश्यक असते. त्यातील चुंबक लोखंडाचा कीस ओढून घेतो व तो पडद्यावर साचल्यास आवाज बिघडतो. त्यामुळे लेथ किंवा वेल्डिंगच्या कामाजवळ मायक्रोफोन उघडा ठेवू नये. एसएम५८ सारख्या मायक्रोफोनची जाळी काढून ती व आतील स्पंज सौम्य साबणाच्या पाण्याने धुता येतो; तो पूर्ण वाळल्यावरच पुन्हा बसवतात. अनेक लोक बोलणाऱ्या केंद्रात ही स्वच्छता आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे.

## मर्यादा

दूरवरचा किंवा अतिमृदू आवाज, एकतारीसारख्या तंतुवाद्यांची सूक्ष्म झणकार आणि समूहगानाचा व्यापक विस्तार टिपण्यासाठी डायनॅमिक मायक्रोफोन अपुरा पडतो. चांगल्या ध्वनिगुणांची शांत खोली उपलब्ध असल्यास अशा कामांसाठी कंडेन्सर श्रेष्ठ ठरतो. डायनॅमिक मायक्रोफोन सदोष खोलीचे दोष पुसत नाही. वक्ता जवळ असेपर्यंतच तो ते झाकून ठेवतो. पाहुणा बोलण्याच्या ओघात मागे सरकला, की ते दोष मुद्रणात पुन्हा येतात. त्यामुळे मुद्रण करणाऱ्याने श्रवणयंत्र कानाला लावून सतत ऐकणे आणि बोलणाऱ्यास प्रारंभीच माईकपासूनचे अंतर समजावून सांगणे, या गोष्टी मायक्रोफोनच्या निवडीस पूरक मानल्या जातात.

## हे सुद्धा पहा

* मायक्रोफोन
* ध्वनिमुद्रण
* सामुदायिक रेडिओ
* बारामती
* इंदापूर तालुका
* मोरोपंत
* पखवाज